मागचा डावा पाय

डॉक्टरांनी वडिलांना मांडी घालून बसायला बंदी केली, तेव्हा मी तत्परतेने प्लास्टिकची खुर्ची आणली. त्यांनी ती गॅलरीत नेऊन तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली. "बसलो तर आमच्या कारखान्याच्या खुर्चीत," म्हणाले. गुडघे सुजलेले, तरी जेवण जमिनीवरच.

कारखाना सातपूरचा, केव्हाच बंद पडलेला. आमच्या भागात लाकडी खुर्च्या ढिगाने बनवायला सुरुवात त्यानेच केली. त्याआधी सुतार घरी आठवडाभर ठाण मांडायचा, तेव्हा कुठे एक खुर्ची व्हायची. इथे कुठलाही पाय कुठल्याही बैठकीला बसे. सुटे भाग खोक्यात भरून पार नामपूरच्या शाळेपर्यंत जात. वडिलांनी नोकरीभर मागचे पाय जोडले. फक्त मागचे. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज.

कारखान्याच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एकेका खुर्चीचं खोकं मिळालं होतं. आमचं माळ्यावर होतं, ते रविवारी खाली काढलं. मागचे पाय वडिलांनी जवळजवळ न बघताच बसवले आणि पाना खाली ठेवला.

"पुढे?"

"पुढचं आपलं काम नाही."

"बाबा, कारखाना बंद झालाय."

"म्हणून काय कुणाच्याही कामात हात घालायचा?"

शेवटी पुढच्या पायांचे काका एकलहऱ्याहून आले. पाठ जोडणारे गृहस्थ आता हयात नव्हते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी ऑफिसात कागदांना टाचण्या लावणारा माणूस. पाठ दोनदा उलटी बसवली.

"शिकलेलं पोरगं आहे," काका वडिलांना म्हणाले, "चालायचंच."

कारखान्यात प्रत्येक खुर्चीवर आधी तपासनीस बसून बघायचा. "तुझ्या वजनावर भागेल," म्हणत काकांनी मलाच बसवलं. खुर्ची किंचित डुलली. माझ्या पाठीचाच दोष, असं धरून मी माफी मागायला लागलो, तर वडिलांनी हाताने गप्प केलं. ते कण्हत वाकले, पायाखाली बोट घालून पाहिलं.

"मागचा डावा. माझा आहे. खोल परत."

"कागदाची घडी घालूया ना खाली!"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाना उचलला.

तीन वाजले, भात गार झाला. खुर्चीचे भाग हॉलभर पसरलेले, म्हणून आम्ही तिघं स्वयंपाकघरात फरशीवरच जेवलो. नंतर बायकोने हाताला धरून एकेकाला उठवलं. आधी वडिलांना, मग काकांना आणि शेवटी मला. सगळ्यात जास्त मीच कण्हत होतो.