बिनकोपऱ्याचं अक्षर

शिरूरपासून दौंडपर्यंत माझ्या ब्रशची पाटी नाही असं एक दुकान दाखवा! नाही, दाखवू नका, आता सगळीच तशी आहेत. माझ्या दोन पाट्या उरल्यात, आणि त्यातल्या एकीला गिरणीवाला गोण्या टेकवतो.

बाकी सगळीकडं ते जाडं, गोलमटोल, बिनकोपऱ्याचं अक्षर. कंप्युटरात त्याला काही इंग्रजी नाव असेल, मी त्याला लाडू म्हणतो. त्याच्या एवढ्या गोष्टी साठल्यात की पोट दुखतं. हसून नव्हे, संतापानं. म्हणून पारावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, माझ्या दाराला लाडू लागला तर ब्रश मोडून नदीत टाकीन.

*

फ्लेक्सवाला बाळू माझ्याच हाताखाली शिकला. त्याच्याकडं वाढदिवसाला लाडू आन् दहाव्यालाही लाडू. आमच्या गल्लीतले आप्पा गेले, तर यानं त्यांच्या वाढदिवसाचाच फ्लेक्स काढला. फेटा तोच, पिवळंधमक नाव तेच. 'भावपूर्ण श्रद्धांजली' खाली बारीक.

दौंडचे पाहुणे एस्टीच्या खिडकीतून नाव वाचून उतरले, ते हार आणि पेढे घेऊनच! घरात रडारड, आणि हे दारात विचारतायत, आप्पा कुठायत?

मी बाळूला झाडला. तर म्हणतो, "मामा, नाव धावत्या गाडीतून वाचलं का न्हाई?"

*

ट्रान्सफॉर्मरवर 'धोका' लिहिलाय, तोही लाडूत. त्या गुबगुबीत अक्षरांना कोण घाबरणार? खाली दोघं जण सावलीला बसून निवांत भेळ खात होते.

माझं डोकं फिरलं. भरदुपारी रंगाचा डबा नेला आणि दोन्ही अक्षरांना सुळे काढले, वर लाल जीभ.

दुसऱ्या दिवशी तिथं सेल्फीला गर्दी!

*

मग रागाच्या भरात बाळूच्या शटरवर माझ्या टोकदार अक्षरात रंगवलं, 'येथे लाडू मिळतील.' सकाळी दोन बायका अर्धा किलो मागायला हजर.

बाळू चिडेल म्हणून मी समोर चहा घेत बसलो होतो. तो खुशीत म्हणाला, "मामा, तुमचंबी वाचत्यात की अजून!"

*

आणि गेल्या महिन्यात बाजारातून घरी आलो, तर आमच्याच दारावर लाडू. 'शेवंता.' एवढंच.

शेवंता म्हणजे आमची मंडळी. शाळेचं तोंड न पाहिलेली. हल्ली दुपारी गल्लीतल्या बायकांबरोबर अक्षरं शिकायला जाते. पाटी तिनंच बाळूकडून करून आणली होती.

मी शिडी लावली. बाळूसकट सगळी गल्ली गोळा झाली, माझी शपथ सगळ्यांना पाठ. शेवंता शिडीखाली उभी राहिली आणि बोट वर धरून तिनं वाचलं. शे. वं. ता. मग म्हणाली, तुमच्या अक्षराला शेपट्या लई, कुठं सुरू होतं आन् कुठं संपतं ते कळत न्हाई. ह्याचं कळतं.

माझा हात खिळ्यावर होता. आवाज जरा खाली आणला. म्हणालो, "काढू दे गं. तुझं नाव मी झोकात रंगवून देतो, सोनेरी कडा लावून."

"चाळीस वर्षं ब्रश तुमच्याच हातात व्हता की."