गैरहजरांची सरासरी

आमच्या हायस्कुलाला स्वतःचा वजनकाटा नव्हता. माघाच्या सुमाराला आरोग्य तपासणी आली की ठाण्याच्या बाजारातल्या एका धान्याच्या गोदामातून तो मागून आणावा लागे. चार हमाल तो लोखंडी फळीचा काटा शाळेच्या मधल्या चौकात आणून टेकवत आणि मग आठवडाभर मुलं एकेक करून त्यावर चढत. शिपाई उंची मोजायचा, कल्याणहून येणारे डॉक्टर डोळे, घसा, छाती बघायचे आणि मी वजन वाचून पत्रकात लिहायचो. मी गणिताचा मास्तर. शाळेत कुठेही आकडा दिसला की तो माझ्याच गळ्यात पडायचा.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. तोवर ही पत्रकं कपाटात जायची आणि कसर त्यांचा समाचार घ्यायची. त्या वर्षी मात्र त्यांना एकदम किंमत आली. शाळेच्या आरोग्य समितीला एक केंद्र उघडण्याची परवानगी मिळाली होती. मुलं ज्या वस्त्यांतून येतात त्यांपैकी एका वस्तीत ते उघडायचं होतं. तिथे दुधाची पावडर, माशाच्या तेलाच्या बाटल्या आणि आठवड्यातून एक दिवस डॉक्टर. केंद्र एकच होतं, आणि ते कुठे द्यायचं हे आमच्या पत्रकांवरून ठरणार होतं. मुख्याध्यापकांनी पत्रकांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, याचा अर्थ लावा." मला फार बरं वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

अर्ज दोन ठिकाणांचे होते. एक स्टेशनामागच्या गिरणी कामगारांच्या चाळींचा, आणि दुसरा माजिवड्याच्या पुढे खाडीकडे वाट वळते तिथल्या मिठागरावरच्या गावाचा. ते गाव माझं. आमच्या आगरी घरात मॅट्रिक झालेला मी पहिलाच. नोकरी लागल्यावर ठाण्यात खोली घेतली, बोलणं धुऊन पुसून शुद्ध केलं, आणि 'ळ' उच्चारताना जीभ घसरू नये म्हणून वर्षभर स्वतःवर पहारा ठेवला. गावात माझी थोरली बहीण राहायची. नवरा-बायको दोघंही मिठागरावर. तिची मोठी मुलगी आमच्या शाळेत सहावीत होती. गावातून इतक्या लांब शिकायला येणारी ती एकटीच मुलगी. मीच हट्टाने तिला शाळेत घातली होती आणि तिचं हुशार डोकं बघून मनात मोठमोठे बेत केले होते.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. मिठाची रास उभी असते तोवर ती आपली. माप लागलं, खाडीतल्या मचव्यात चढलं, की गेलं. त्यामुळे अशक्त माणसाला, आणि लहान पोराला तर नक्कीच, काट्यावर चढवायचं नाही. दांडगं पोर चढलं तर चालतं, त्याच्यातून थोडं गेलं तरी उरतं. पण ज्याच्या अंगावर आधीच काही नाही त्याचं माप काढलं की ते संपलंच, असं आमच्या बायका मानायच्या. मलाही लहानपणी आईने असंच एकदा घरी ठेवलं होतं. शाळेत तपासणी होती आणि मी हिवतापातून नुकता उठलो होतो. म्हणजे मला हे ऐकून माहीत होतं असं नाही, मी ते भोगलेलं होतं.

तपासणीच्या आठवड्यात गावातली जवळजवळ निम्मी मुलं आली नाहीत. माझी भाचीही नाही. मी हजेरीत 'गै' लिहीत गेलो. जी आली ती चांगली भरदार, खाडीतल्या मासळीवर वाढलेली. मी दर वर्षी पाचवीच्या वर्गाला शिकवायचो की गैरहजर मुलं सोडून द्यायची, उरलेल्यांची बेरीज करायची आणि तितक्यांनी भागायचं. तेच केलं. आलेख-कागदावर चाळींचे ठिपके निळ्या शाईने काढले, आमच्या गावचे लाल शाईने. लाल ठिपके सगळे वरच्या बाजूला गेले. भाचीच्या नावासमोरची रिकामी जागा मला दिसत होती. का रिकामी आहे तेही कळत होतं. मी पान उलटलं.

समितीच्या बैठकीत नगरपालिकेचे एक सभासद होते. माणूस तसा वाईट नव्हता, पण तोंडाला हाड नव्हतं. आमच्या गावचं नाव निघताच ते हसले. "तिकडची पोरं म्हणजे सुकट हो. त्यांना तर पहिलं द्यायला पाहिजे."

ते आमच्या बाजूने बोलत होते. मी गप्प बसलो असतो तर केंद्र गावाला मिळालं असतं. पण 'सुकट' हा शब्द मला लागला. खोलीत बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं की मी कुठला. मी उठलो, आलेख टेबलावर पसरला आणि म्हणालो, "साहेब, आकडे बघा. खाडीकडच्या मुलांची सरासरी चाळीतल्या मुलांपेक्षा चांगली आहे. सुकट कोण आहे ते कागदच सांगतोय."

सभासद ओशाळले. मला बरं वाटलं. डॉक्टर तेवढे आलेखावर वाकून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, या गावातले गैरहजर किती?"

"होते काही," मी म्हणालो.

"का?"

इथे मी एक वाक्य बोलायला हवं होतं. आमच्या बायका अशक्त पोरांना काट्यावर चढू देत नाहीत, म्हणून अशक्त पोरं या कागदावर नाहीतच, एवढंच. ते जिभेवर आलं होतं. पण ते बोललो असतो तर सभासद पुन्हा हसले असते, आणि या वेळी त्यांचं हसणं खरं ठरलं असतं. शुद्ध बोलणारा, कोट घालणारा मी त्या हसण्याच्या भीतीने म्हणालो, "तापाची साथ होती."

केंद्र चाळींना मिळालं. त्यांनाही गरज होती, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिथल्या पोरांचे हातपाय मी बघितले होते. पण निकाल आकड्यांनी लागला असं सगळे म्हणाले, तेवढं खोटं होतं. निकाल माझ्या लाजेने लागला.

पुढच्या आठवड्यात भाची शाळेत आली. वरच्या मजल्यावरच्या वर्गात जाताना ती जिन्यात दोनदा थांबली. कठड्याला धरून उभी राहिली आणि मी बघतोय हे दिसताच हसली. तिचा हात कठड्यावर होता. मनगट काडीइतकं बारीक होतं. काटा अजून परत गेला नव्हता, शिपायाच्या खोलीत पडून होता. शाळा सुटल्यावर मी तिला तिकडे नेलं.

"मामा, आयस मारंल मना," ती म्हणाली.

"आईला कोण सांगतंय?" मी म्हणालो. "चढ."

ती चप्पल काढून चढली, देवळात चढावं तशी. सत्तेचाळीस पौंड. मी वजन सरकवून पुन्हा बघितलं. अकरा वर्षांची मुलगी. तिने विचारलं, "किती भरली मी?" मी म्हटलं, "पुष्कळ." ती खूश झाली.

डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिची छाती तपासली. क्षय होता. औषध निघालं होतं, इंजेक्शनं मिळत होती, आणि वेळेवर कळलं तर माणसं बरीही होत होती. डॉक्टर म्हणाले, "महिनोन्महिने नेमाने टोचावं लागेल. आठवड्याला कुणी तिथे जाणारं असतं तर सोपं होतं. आता हिलाच इकडे आणत जा." ते सहज बोलले. 

मुख्याध्यापकांकडे जाऊन मी म्हणालो की पत्रकात चूक झाली आहे, पुन्हा बघायला हवं. त्यांनी विचारलं, "बेरीज चुकली का?" बेरीज चुकली नव्हती. "मग पत्रक सहीशिक्क्यानिशी वर गेलंय, आता काय बघायचं?" तेव्हाही मी खरं कारण सांगितलं नाही.

रविवारी गावात गेलो. मिठाचे दिवस होते. ताई आगरातून आली ती पोटऱ्यांपर्यंत पांढरी. मी तिला समजावायला बसलो, इंजेक्शनं, अंतर, किती महिने, सगळं. ती ऐकत होती, पण मान हलत नव्हती. "माजी पोर हाडानीच बारीक हाय," ती म्हणाली. "मीबी तशीच व्हती." मग मी माझ्यातल्या मास्तराला शोभेल असा मूर्खपणा केला. तिला पुरावा दिला. म्हणालो, "मी स्वतः तोललंय तिला. सत्तेचाळीस पौंड भरली. ऐकतेस का?"

ताईने हातातलं फावडं खाली ठेवलं.

"तू तोललीस माजे पोरीला?"

"अगं, त्याशिवाय कळलं कसं असतं?"

"तुला म्हाईत नव्हता? तू आमच्यातलाच ना र? दुसऱ्या कोनी केला असता तर मी बोलली असती, त्याला काय कलतं. पन तुला म्हाईत व्हता."

त्यानंतर तिने मुलीला शाळेत पाठवलं नाही. भावजींना मी चार वेळा भेटलो, हातापाया पडलो, तेव्हा त्यांनी बायकोची नजर चुकवून मुलीला तीन-चार वेळा खांद्यावर घेऊन ठाण्याला आणलं. आगर सोडून नेमाने येणं त्यांना जमणार नव्हतं. भरतीच्या वेळी बांधावरची वाट पाण्याखाली जायची. टोचणं मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. डॉक्टर म्हणाले, असं अर्धवट औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चाळीतल्या केंद्रावर दर बुधवारी त्यांची फेरी असायची. तिथे जाताना ते माझ्या वर्गावरूनच जात.

वैशाखात भाची गेली. मीठ उचलायची घाई चालली होती, तरी गावातली सगळी कामं त्या दिवशी बंद राहिली. बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, आणि सगळ्या गावाने कावळा बघितला होता. मी कुणाला काय समजावणार? फांदी केव्हापासून किडली होती हे दाखवायला माझ्याकडे एक कागद होता, आणि त्या कागदावर तिच्या नावासमोर काही लिहिलेलं नव्हतं.

ताई रडली नाही. मुलीला उचलताना ती फक्त म्हणाली, "बघ, किती हलकी झाली." ते मला उद्देशून होतं का, मला आजही माहीत नाही. विचारायचं धैर्य झालं नाही.

पुढच्या माघात काटा आला. खाडीकडच्या गावातून एकही मूल आलं नाही. अशक्त नाही, दांडगंही नाही. आठवडा संपला तेव्हा गावाच्या नावाखालचं पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कोरं होतं. काही मुलं तर शाळेतूनच काढली होती.

त्या वर्षी समितीला दुसरं केंद्र मिळालं. बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं बोललो. रीत सांगितली, आईने मला घरी ठेवलं होतं ते सांगितलं, साथ नव्हती हे सांगितलं, भाचीचं सांगितलं. बोलता बोलता माझी भाषा सुटली आणि मी 'मुलं' ऐवजी 'पोरा' म्हणू लागलो, तरी थांबलो नाही. कुणी हसलं नाही. सभासद खाली बघत होते. ज्याला मी वर्षभर भ्यालो ते हसणं तिथे नव्हतंच.

डॉक्टरांनी गावाचं कोरं पान उघडून पुढे ठेवलं. मग हळू म्हणाले, "मास्तर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण वर पाठवायचंय. गरज कागदावर कशी दाखवायची? एक तरी आकडा आहे का?"

आकडा एकच होता, सत्तेचाळीस. ती मुलगी आता पटावर नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

दुसरं केंद्र कल्याणच्या रस्त्यावरच्या एका वस्तीला गेलं. संध्याकाळी मी गावात गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. ताई ओटीवर धाकट्या मुलीला घेऊन बसली होती. ती चार वर्षांची होती आणि खोकत होती. मी अंगणातून हात पुढे केले, तसं पोरगी माझ्याकडे झेपावली. ताईने तिला मागे ओढून घट्ट धरलं. मामा म्हणून मी तिला उचललं असतं, पण उचललं की मला तिचं वजन कळलं असतं, आणि तेच ताईला नको होतं.