मधल्या धारेची उंची

चौकातलं कारंजं वीस वर्षं कोरडं पडलं होतं. लोक त्याला विसरले होते असं मात्र नाही. रिकामे कप आणि फळांच्या साली टाकायला ते सगळ्यांना बरोबर सापडायचं. पाणीखात्यातून निवृत्त झालेला फिटर, ज्याला अख्खं खातं मामा म्हणायचं, एका सकाळी पाना आणि तारेचा ब्रश घेऊन त्या हौदात उतरला. बायको म्हणाली, "चौतीस वर्षं गावाची गळती काढलीत, घरचा नळ मात्र अजून ठिबकतोय."

मामाने ब्रश घासायला घेतला. त्याच्या डोक्यात ताई होती.

शहराची मोठी शर्यत पूर्वी या कारंज्यापाशी संपायची. मामाच्या या थोरल्या बहिणीने ती लागोपाठ तीनदा मारली. दोन्ही हात वर करून फीत तोडायची आणि तशीच मधल्या धारेखाली डोकं धरायची. मग मोठ्या स्पर्धेचा संघ ठरला. निघायच्या दिवशी ताई पिशवी घेऊन स्टेशनवर गेली, तर यादीत तिच्या जागी क्लबच्या अध्यक्षांची पुतणी. "पुढच्या वर्षी बघू," अध्यक्ष म्हणाले. पुढचं वर्ष कधी उजाडलंच नाही. ताईने बिस्किटाच्या कारखान्यात उभ्याने पुडे भरत सव्वीस वर्षं काढली, गुडघे घालवले आणि गेली. क्लबचं काळं कुत्रंही तिकडे फिरकलं नाही.

म्हणून हे कारंजं. पाइप क्षाराने गच्च झाले होते. बाराही तोट्या काढून मामाने घरच्या पातेल्यांत व्हिनेगरमध्ये भिजत घातल्या, सांध्यांना ताग गुंडाळला, हौदाच्या भेगा बुजवल्या. चौदा महिने गेले. शेवटी मधली धार काठीने मोजून बरोबर सव्वासहा फुटांवर आणली. हात वर केलेली ताई तेवढीच भरायची. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

मग त्याने अर्ज केला, की हे कारंजं धावपटूचं स्मारक व्हावं. 'कोणाच्या नावे' ही ओळ त्याने कोरी सोडली. खात्याची रीतच तशी होती. आपल्या माणसाचं नाव आपण पुढे करायचं नाही. एकाने मेव्हण्याचं नाव घातलं होतं, तर निवृत्त होईपर्यंत त्याला सगळे मेव्हणाच म्हणायचे. ओळ कोरी ठेवायची. साहेब बोलावतात, "काय हो, मनात कोण आहे?" म्हणतात, मग खाली बघून सांगायचं. चौतीस वर्षं असंच चाललं होतं.

पण साहेब नवे होते. त्यांना ओळ कोरी दिसली आणि अध्यक्ष नुकतेच वारले होते.

पितळी पाटी कागदातून निघाली तेव्हा मामाला कळलं. 'क्रीडामहर्षी' आणि खाली अध्यक्षांचं नाव. तो तडक कचेरीत गेला.

"अहो मामा, मग लिहायचं ना!" साहेब खरंच हळहळले. "ओळ रिकामी होती."

"तुम्ही विचाराल असं वाटलं."

"मी कशाला विचारू? आता पाटी झाली, पत्रिका वाटल्या."

माणूस वाईट असता तर मामा भांडला तरी असता.

घरी बायको फाडकन बोलली, "आयुष्यभर माझ्याशी वाद घालायला तोंड होतं, एक नाव लिहायला हात नव्हता?" आणि मग पदर डोळ्यांना लावून बसली. तिचं खरंच होतं.

उद्घाटनाला जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण नव्या फिटरने व्हॉल्व्ह जोर लावून फिरवला असता तर आटे गेले असते, चौदा महिन्यांची माती झाली असती. हाडाचा कारागीर, पाय ओढत गेला. फीत कापायला अध्यक्षांची पुतणी आली होती. कात्रीने कापली तिने. पळून तोडायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही म्हणा.

पाणी उसळलं. साहेब वाकून म्हणाले, "मामा, मधली धार जरा ठेंगणी वाटते. अध्यक्षांच्या मानाने उंच हवी."

मामाने गर्दीत उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने मान फिरवली. तो चेंबरपाशी गुडघ्यांवर बसला आणि व्हॉल्व्हला पाना लावून दोन वेढे दिले. धार सव्वासहा फूट सोडून दहा फुटांवर गेली. टाळ्या पडल्या.

ताईला पहिल्यांदा काढलं ते दुसऱ्यांनी. या वेळी पाना मामाच्या हातात होता.