गाडी माही, सॉफ्टवेअर कंपनीचं

कळमेश्वर रोडवर माझं छोटं गॅरेज आहे. पाने-स्क्रूड्रायव्हर माझा जोडीदार वसंता सांभाळतो, लॅपटॉप मी. आजकाल गाडीत इंजिनाइतकंच सॉफ्टवेअर असतं, आणि लोकांना ते आपल्या सोयीचं करून हवं असतं. त्यातून जे किस्से निघतात, ते घरी न्यायचे म्हटलं तर डिक्की बंद होणार नाही!

*

काटोलचे ठाकरेकाका, संत्र्यांचे व्यापारी. त्यांच्या नव्या गाडीत सीट गरम करायची सोय होती, पण सॉफ्टवेअरनं कुलूपबंद. काका भर मे महिन्यात आले. "हे खोलून दे गा."

वसंतानं घाम पुसला. "काका, बाहेर आग पडून राहिली. सीट काहून गरम करता?"

"करते कोन? पन सीट मी घेतली न!"

*

हेच काका पुढे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. आम्ही कुलूप खोललेलं पाहून तिथला माणूस भडकला. "सर, गाडी तुमची आहे, पण आतलं सॉफ्टवेअर आमचं. तुम्हाला फक्त वापरायला दिलंय."

काका म्हणाले, "म्हनजे घरजावईच झाला! राह्यते आपल्या घरी, ऐकते बापाचं!"

*

सगळीच कामं आम्ही घेत नाही. एक ठेकेदार आला. एअरबॅगचा लाल लाइट पेटलेला. म्हणाला, "सॉफ्टवेअरमधून हा बंद कर."

"अहो, आधी बिघाड काढू."

"बिघाड राहू दे गा! हा लाइट बायकोले दिसून राहिला!"

*

देशमुख मॅडम रिटायर्ड मुख्याध्यापिका. गाडी इंग्रजीत सूचना देते म्हणून वैतागलेल्या. मी वसंताच्या आवाजात मराठी सूचना भरून दिल्या. दोन दिवसांत मॅडम परत!

"हा आवाज काढा."

"काहून मॅडम? चांगला तर आहे."

"याला मी सातवीत नापास केलं होतं. आता हा मला शिकवून राहिला!"

*

आणि खाप्याच्या कुंदाताई. घरचा हातमागाच्या साड्यांचा धंदा. लहानपणापासून दोन्ही पायांत बळ नाही. गाडी हातानं चालवतात, लायसन्सवर तशी नोंद आहे. व्हीलचेअरवरून सीटवर सरकायचं, मग चेअर घडी करून आत ओढायची, याला त्यांना दहा मिनिटं लागतात. पण दार उघडं राहिलं की गाडी दोन मिनिटांत एसीसकट बंद! मी दोनाची पंधरा करून दिली. कंपनीनं अपडेट पाठवलं, पुन्हा दोन. मी पंधरा केली, पुन्हा दोन. शेवटी ताईंनी कंपनीकडे तक्रार केली. "त्या उन्हात अंगाची लाही होते हो," एवढंच त्या म्हणाल्या.

चौकशीला पुण्याहून एक साहेब आले, थेट आमच्या गॅरेजवर. दुपारची वेळ. "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. दोन मिनिटं पुष्कळ होतात."

ताई शांतपणे म्हणाल्या, "मंग बसून दाखवा न साहेब. पाय नाही हलवायचे."

साहेब हसत व्हीलचेअरवर बसले. स्टिअरिंग धरून सीटकडे सरकले. अर्धे आत, अर्धे बाहेर, तिथेच अडकले. वसंता चेअर धरून उभा. टाय स्टिअरिंगजवळच्या वायपरच्या दांडीत. दोन मिनिटं झाली, गाडीनं टुंग केलं आणि एसी गेला.

मी लॅपटॉप उघडला. "साहेब, किती मिनिटं टाकू?"

आतून आवाज आला, "वीस टाका हो, वीस!"