भूल उतरताना

पिशवीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी कापाकापीला भ्यायले नाही. भ्यायले ते एका शब्दाला. "पूर्ण भूल द्यावी लागेल," डॉक्टर म्हणाले आणि मी धसकाच घेतला. माझी चिंगी लहान असतानाच तापाने गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. तिचं जे काही उरलंय ते माझ्या आठवणीत. त्यातही अलीकडे चेहरा डोळ्यांपुढे येई, पण "माय वं" ही तिची हाक काही केल्या कानी येत नसे. त्या हाकेसाठी जीव तुटायचा. आधीच एवढं निसटलेलं, त्यात ही भूल! उठल्यावर चिंगीच आठवली नाही तर? हे वेड सांगणार तरी कुणाला?

कामरगावाहून वाशीमच्या दवाखान्यात आले ती घरच्यांच्या भुणभुणीला कंटाळून. वाटेत कारंज्याला एसटी बदलताना दत्त महाराजांना हात जोडले. बरं कर, असं मागितलंच नाही. माझं लेकरू माझ्यापाशी राहू दे, एवढंच म्हटलं.

आदल्या संध्याकाळी सहीची वेळ आली आणि मी हात मागे घेतला. मालक चिडले, "आता काहून अडून बसली?" तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर आली, मालकांना चहाला पिटाळलं आणि माझ्या खाटेवर टेकली. "कायचं भेव वाट्टे, माय?" तिच्या तोंडून माय ऐकलं आणि मला रडूच कोसळलं. सगळं सांगून टाकलं.

ती हसली नाही. "भूल म्हंजे इसरनं नाई, माय. औषिधाची झोप हाय." मग तिने सगळं उलगडून सांगितलं. सकाळी पाणीसुद्धा प्यायचं नाही, बांगड्या-जोडवी काढून ठेवायची. आत गारठा असतो. हाताच्या शिरेतून औषध देतात, आणि भूल देणारे डॉक्टर सारा वेळ उशाशी बसून श्वासावर लक्ष ठेवतात. जाग आल्यावर घसा खवखवेल, गुंगी राहील, त्याला घाबरायचं नाही.

"थोडा वेळ सुचनार नाई. पन जे मनात हाय, थे कुटी जाते?"

"पक्कं?"

"जाग आली का मी इचारीन ना, पोरीचं नाव काय म्हनून. सांगाल तुमी."

मी सही केली. सकाळी त्या गार खोलीत तिने सांगितलं तसंच एकेक होत गेलं आणि दर वेळी वाटे, हे तर मला ठाऊक आहे. भीती होती, पण ओळखीची झाली होती. शिरेत औषध जाऊ लागलं तेव्हा मनात म्हटलं, महाराजा, आता मला धरून ठेवता येणार नाही. माझी पोर तू सांभाळ.

मग काहीच नाही. आणि त्या काहीच नाहीतून हाक आली, "माय वं, ऊठ ना!" तोच लाडिक, शेवटी लांबणारा सूर. डोळे उघडले तर सिस्टर वाकून विचारत होती, "माय, पोरीचं नाव काय?"

"चिंगी," मी म्हटलं आणि घसा दुखत असतानाही हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, ऊठ ना असं तूच म्हणालीस का? ती म्हणाली, मी तर फक्त नाव विचारलं. गुंगी असेल. असू दे, मला त्यावर वाद घालायचा नाही. इतकी वर्षं मी लेकीला घट्ट धरून बसले होते, तरी हाक निसटलीच. दत्त महाराजाच्या ओटीत घातली, तर त्याने ती हाकेसकट परत दिली. त्याचे आणि त्या सिस्टरचे उपकार मी कसे फेडू?

आता संध्याकाळी दारात बसले की ती हाक कानी येते. मालक विचारतात, "कोनाले ओ देल्ली वं?" मी नुसती हसते.