निळ्या ड्रमाचा इतिहास

आमच्या शेजारच्या नीरजाबाई शाळेत इतिहास शिकवतात. पुंडलिकनगरात त्यांच्या आणि आमच्या घरात भिंत एकच. त्यांचं चांगलं सांगायचं म्हणलं की अजून माझ्या कपाळाची शीर उठती, पण सांगणार. चांगल्याला चांगलं म्हणलंच पाहिजे, नायतर आपणच वाईट ठरतो.

मी लीलाबाई. माहेर खुलताबादकडचं. मालक काकासाहेब वाळूजला कंपनीत, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी. गिरणीचा कायदा साधा आहे, डबा ठेवला की नंबर लागला. मग बाई घरी जाऊन भाकरी थापू दे नायतर टीव्ही बघू दे, तिचा डबा तिच्या जागी उभा. गल्लीत पाण्याचे टँकर सुरू झाले तवा हाच कायदा बायांनी उचलला. सकाळी ड्रम ओळीत ठेवायचा आणि आपापल्या कामाला जायचं. दुसऱ्याचा ड्रम सरकवणं म्हणजे माणसाला हाताला धरून बाहेर काढण्यासारखं होतं.

नीरजाबाईंची खोड एकच. काहीही सांगा, त्या विचारणार, "कशावरून?" भाजीवाला म्हणाला मेथी गावरान आहे, "कशावरून?" त्यांचे मालक मुकुंदराव म्हणाले आज उकाडा जास्त आहे, "कशावरून?" बँकेतला शांत माणूस, त्यांनी घरात बोलणंच कमी केलं. मी एकदा म्हणलं, "मॅडम, उजाडलं तरी तुम्ही कोंबड्याची साक्ष काढताल." लई हसल्या होत्या. तवा आमचं बरं होतं.

त्यांच्या सासूबाई यमुनाबाई, सगळी गल्ली त्यांना आजीच म्हणती. रोज दुपारी त्या माझ्या गिरणीत बाकड्यावर येऊन बसायच्या. पिठाच्या वासानं बरं वाटतं म्हणायच्या. गिरणीच्या आवाजात कुणाला काय ऐकू येतं? त्या बोलायच्या, मी मान हलवायचे. माझी आई मी लहान असतानाच गेली. आजी बाकड्यावर असल्या की आपल्या घरात कुणीतरी मोठं माणूस बसलंय असं वाटायचं.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात हे सगळं नासलं. जायकवाडी तळाला गेलं होतं. धरण आटत चाललेलं आणि शहर फुगत चाललेलं. गारखेड्याकडं जिथं आम्ही आलो तवा ज्वारी उभी होती, तिथं फ्लॅटच फ्लॅट. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरही एक बिल्डिंग चालू होती. त्या कामावरची चतुराबाई नावाची मजूर बाई तिथंच पत्र्याच्या खोलीत लेकीसोबत राहायची.

त्या दिवशी नीरजाबाईंचा निळा ड्रम ओळीत पुढं होता, माझा त्यांच्या लगेच मागं. त्या शाळेत गेल्या, मी दळणाला लागले. दुपारी टँकर आला, ही धावपळ, हा बायांचा कालवा, पुढं कुणाचा ड्रम आहे ते कोण बघतंय? माझा ड्रम भरला, मागचे दोन-चार भरले आणि पाणी खलास. संध्याकाळी नीरजाबाई येतात तर त्यांचा ड्रम ओळीच्या पार शेवटी, कोरडा ठाक. माझा काठोकाठ भरलेला. आणि गिरणी ओळीच्या अगदी समोर.

जन्मभर कशावरून विचारणाऱ्या बाईनं त्या दिवशी काही विचारलंच नाय. सगळ्या बायांसमोर म्हणाली, "लीलाबाई, ड्रम तुम्ही सरकवलात. दिवसभर समोर तुम्हीच बसलेल्या असता, दुसरं कोण सरकवणार?"

मी काय ऐकून घेणारी बाई आहे व्हय? मीही तोंड सोडलं. त्यांचं शिक्षण काढलं, त्यांची शाळा काढली. पण खरं सांगते, घरात आले आणि पदर तोंडाला लावून रडले. गल्लीत सगळ्या बाया माझ्या भरवशावर डबे ठेवून जातात, आणि माझ्यावर नंबर चोरल्याचा आळ.

बोलणं बंद झालं. त्यांचं दळण गारखेड्याला जायला लागलं. आजीही गिरणीत यायच्या थांबल्या. मी समजले, सुनेनं अडवलं असणार. बाकडं काही मी काढलं नाय, नुसत्या पिशव्या ठेवायला लागले त्यावर. काकासाहेबांना मी सांगून टाकलं, "ही बाई गल्लीसमोर बोलली. आता गल्लीसमोर म्हणत नाय की लीलानं ड्रम सरकवला नव्हता, तोवर तिच्या घरचा एक दाणा मी दळणार नाय."

ते म्हणाले, "पण ती दळायला आणतीय कुठं?"

नवऱ्याला काही सांगण्यात अर्थ नसतो.

अशी तीन वर्षं गेली. परत पाऊस दगा देऊन गेला, परत टँकर, आणि त्यातच माझी पोरगी श्रेया त्यांच्या घरी जाऊन बसायला लागली. श्रेया कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग करत होती. नीरजाबाईंना मुलांच्या इतिहासाच्या निबंधासाठी एक वेबसाइट करायची होती आणि ती हिला करता येत होती. मी आरडाओरडा केला तर म्हणती, "आई, भांडण तुझं आहे. माझं कशाला करतीस?" मग मी नाद सोडला. म्हणलं जाऊ दे, निदान आजींची खबर तरी कळंल.

श्रेया घरी येऊन सांगायची तसं मला कळत गेलं. मुलं इतिहासाचा निबंध गाईडातून उतरवायची. प्रत्येक वहीत कुणाचं तरी नाव इतिहासात सुवर्णाक्षरांनी कोरलेलं. एका पोरानं लिहिलं होतं, राजा थोर होता, कारण त्याला सगळे थोर म्हणत होते. वह्या तपासून तपासून नीरजाबाई रडकुंडीला आल्या होत्या. त्यांना असं काहीतरी पाहिजे होतं की निबंध लिहिताना त्यांच्यासारखं कुणीतरी पोराच्या शेजारी बसून विचारील, कशावरून? वेबसाइटचं नावही तेच ठेवलं. दुसरं काय ठेवणार म्हणा!

पहिल्यांदा केली ती मार्क देणारी. वाक्यात "कारण" आलं की मार्क वाढायचे. पोरं काय कमी आहेत? एकानं लिहिलं, किल्ला मोठा होता कारण तो किल्ला होता कारण तो मोठा होता. पैकीच्या पैकी! नीरजाबाईंनी मार्क काढून टाकायला लावले. मग चुकीखाली लाल रेघ मारणारी केली, तर लाल दिसलं की पोरं मोबाइलच बंद करायची. शेवटी त्यांनी ठरवलं, मार्क नको आणि रेघ नको, वाक्याखाली नुसता प्रश्न यायचा. हे कोण सांगतं? त्यानं स्वतः पाहिलं का? असं सांगण्यात त्याचा काही फायदा आहे का? आणि निबंध संपला की शेवटचा प्रश्न, कुणाला विचारायचं राहिलं? वेबसाइट स्वतः एक अक्षर लिहून देणार नाय. लिहायचं पोरानंच.

हे जमलं, पण सरावाला विषय सापडंना. पाणचक्कीला पाणी आणणारी जुनी नहर दिली, पोरांनी गाईड उघडलं. देवगिरीचा किल्ला दिला, तेच. नीरजाबाई म्हणाल्या, "असं काहीतरी पाहिजे जे कुठल्याच गाईडात नाही आणि ज्याच्यावर माणसांचं एकमत नाही."

आमची भवानी म्हणती, "मग ड्रम घ्या ना, मॅडम."

श्रेया सांगती, त्यांनी हातातली वही मिटून ठेवली. मग म्हणाल्या, "घे." एवढ्यासाठी मात्र त्यांना मानलं पाहिजे.

पोरगी माझा जबाब घ्यायला बसली. म्हणाली, "नावं बदललीत, आई. तू गिरणीवाली, त्या शिक्षिका."

"वा गं शहाणे! गल्लीत गिरण्या किती आहेत?"

पण सांगितलं सगळं. मी काही पाहिलं नाय, मी दळत होते, ड्रमाला हात लावला नाय. शेवटी रागाच्या भरात हेही लिहायला लावलं की शिक्षिका आपल्या सासूला गिरणीत येऊ देत नाय. लगेच खाली प्रश्न उमटला, हे तुम्ही स्वतः पाहिलं का?

म्हणलं, "बंद कर ते तुझं यंत्र."

नीरजाबाईंनीही आपला जबाब लिहिला. गिरणीवालीनं ड्रम सरकवला. त्यांनाही तोच प्रश्न आला. तिथं त्यांनी लिहिलं, "नाही." श्रेयानं मला मोबाइलवर दाखवलं ते. एका शब्दाला बाईला तीन वर्षं लागली होती.

नववीच्या वर्गाला दोन्ही जबाब आणि गल्लीचा नकाशा दिला. बहुतेक पोरांनी निकाल माझ्याविरुद्ध लावला. का, तर फायदा गिरणीवालीचा झाला. माझा पारा असा चढला! म्हणलं, "श्रेया, त्या पोरांची नावं सांग, त्यांच्या आयांचे डबे मी बघून घेते." ती हसत सुटली. मला मात्र रात्रीचं जेवण गेलं नाय. आता परक्या घरची लेकरंही मला चोर म्हणत होती.

पण मनस्विनी नावाच्या एका मुलीनं शेवटच्या प्रश्नापाशी लिहिलं होतं, "नकाशात शिक्षिकेच्या घराला रस्त्याकडची खिडकी आहे. तिथं आजी बसतात असं लिहिलंय. आजींना कुणी विचारलं का नाही?"

नीरजाबाईंनी हे चहाच्या वेळी घरात मोठ्यानं वाचलं. श्रेया तिथंच होती. त्यांना आनंद झाला होता, पोरीनं बरोब्बर बोट ठेवलं म्हणून. आजींनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं सरकवायला."

झालं असं होतं की चतुराबाईची लेक त्याच आठवड्यात बाळंत झाली होती. पत्र्याच्या खोलीत बाळंतीण, आणि अंघोळीला पाणी नाय. ओळीत नंबर नाय म्हणून चतुराबाई खिडकीशी येऊन रडली. आजी म्हणाल्या, "आमचा ड्रम ने मागं आणि त्या जागी तुझा ठेव." पाणी शेवटपर्यंत पुरंल असं वाटलं त्यांना. पुरलं नाय. पाण्यावाचून ते बांधकामही लगेच थांबलं आणि चतुराबाई लेकीला घेऊन दुसरीकडं निघून गेली. सांगायला कुणी उरलंच नाय.

श्रेयानं घरी येऊन सांगितलं आणि माझी नजर पहिली बाकड्याकडं गेली. आजी! माझ्या बाकड्यावरच्या आजी!

दोन दिवसांनी दुसऱ्या शाळांचे शिक्षक वेबसाइट बघायला येणार होते. श्रेयानं विचारलं, "मॅडम, ड्रमाचा धडा काढून नहर टाकू का?" नीरजाबाई म्हणाल्या, "काढायचा नाही. आजींचा जबाब त्यात घाल." आणि स्वतःच्या जबाबाखाली त्यांनी एक ओळ लिहिली, हे मी पाहिलं नव्हतं, तरी बोलले, आणि ते चूक होतं. आलेल्या सगळ्या शिक्षकांना तसंच दाखवलं म्हणे.

मी म्हणलं, "शाळेत दाखवून मला काय? आळ गल्लीत आला होता."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. गिरणीत गर्दी, डब्यांची ओळ पार दारापर्यंत. नीरजाबाई गव्हाचा डबा घेऊन आल्या आणि त्यांनी तो सगळ्यात शेवटी ठेवला. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. त्यांनी स्वतःच हात लांब करून बटण दाबलं आणि गिरणी बंद केली. माझी गिरणी! सगळ्या बाया वळून बघायला लागल्या.

"लीलाबाई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ड्रम तुम्ही सरकवला नव्हता. मी न बघता बोलले. माझं चुकलं."

तीन वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते वाक्य आलं, आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"कशावरून?"

"माझ्यावरून," मागून आवाज आला. आजी दाराला धरून उभ्या होत्या. किती वाळल्या होत्या!

मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हणलं, "आजी, तुमच्यापायी सगळ्या गल्लीनं मला चोर म्हणलं. तुम्हाला एक शब्द बोलता आला नाय?"

"पहिल्या दिवशी नीरजाला भ्याले ग. घरात प्यायला पाणी नव्हतं. मग तुम्ही दोघी एवढं बोललात की मला तोंड उघडवेना. आणि तुझ्यासमोर येऊन बसायचं तर कुठल्या तोंडानं बसू?" त्यांनी एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. "मला कुणी अडवलं नव्हतं, लीला. मीच यायचं सोडलं."

मी बाकड्यावरच्या पिशव्या खाली ओढल्या, पदरानं पीठ पुसलं. आजी येऊन बसल्या. नीरजाबाई दारातच उभ्या, परत जावं का थांबावं कळत नव्हतं त्यांना.

मी ओळीच्या शेवटाला गेले, त्यांचा डबा उचलला आणि सगळ्यांच्या पुढं आणून ठेवला.

"ओ लीलाबाई, नंबर माझा आहे!" पुढची बाई ओरडली.

"व्हय, तुझाच आहे," मी म्हणलं. "या खेपेला मीच सरकवला. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय, खुशाल लिहून ठेवा."

आणि गिरणी चालू केली.