आबा फिटर आणि पाव आटा

माझी मोटारसायकल व्यवस्थित चालत होती, म्हणून मी ती खोलली.

यापेक्षा सभ्य शब्दांत हे सांगता येत नाही. वडिलांच्या मागे राहिलेली, एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची ती गाडी. वय माझ्याएवढंच, पण सकाळी माझ्यापेक्षा लवकर सुरू व्हायची. बँकेतून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली, हाताशी वेळ आला, आणि मोबाइलवर परदेशातले दाढीवाले लोक घरच्या गॅरेजात जुन्या गाड्यांचं रूप पालटतात ते बघत बसायचा नाद लागला. आपणही करू, असं वाटलं. मला दाढी नव्हती आणि गॅरेजही नव्हतं. फणसवाडीतल्या आमच्या तळमजल्याच्या खोल्यांमागे एक पडवी होती. तिथे तीन दिवसांत मी गाडीचा शेवटचा नटसुद्धा मोकळा केला, आणि सगळे नट, बोल्ट, वॉशर आणि स्प्रिंगा स्वच्छ व्हाव्यात म्हणून एका बादलीत डिझेल ओतून त्यात भिजत घातल्या. साबुदाण्यासारख्या.

बायकोने, म्हणजे मंजिरीने, बादलीत डोकावून पाहिलं. "यातला कुठला कुठे, ते लिहून ठेवलंयस ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, लक्षात आहे. ती चहा ठेवायला आत गेली. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आहेत. कुठे बोलून उपयोग नाही हे तिला कळतं.

आबा फिटर सापडले ते तिच्यामुळेच. ती लालबागला मसाला कुटायला गेली होती. तिथलं कांडप यंत्र इतकं शांत चालत होतं, की तिने दुकानदाराला विचारलं, हे दुरुस्त कोण करतं? त्याने समोरच्या चाळीकडे बोट दाखवलं आणि वर सांगितलं, "पण ताई, आता ते कोणाचं काम घेत नाहीत. दोन वर्षं झाली. बसून नुसतं सांगतात, अमुक ढिलं आहे, तमुक बदला. आम्हीच करतो."

मी गेलो. सत्तरीला टेकलेले, काटक, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आणि उजवा हात पॅन्टच्या खिशात. चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलत. मला तो त्यांचा रुबाब वाटला. मी घडलं ते सांगितलं.

"कोणी खोलली?"

"मी."

"एकट्यानं?"

"हो."

"याच्याआधी काय खोललं होतं?"

"सायकल. म्हणजे चेन."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "आणा."

ज्यांनी दोन वर्षांत भल्याभल्यांना परत पाठवलं, त्यांनी मला मात्र आणा म्हटलं. माझ्यात त्यांना काहीतरी दिसलं असणार, असं मी मंजिरीला घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी चाकं, टाकी, इंजिन आणि ती बादली टेम्पोतून लालबागला गेली. बादली मी मांडीवर घेतली होती.

आबांची खोली तळमजल्यावर, आणि काम खोलीबाहेरच्या सामाईक गॅलरीत. बादली पाहिल्यावर ते रागावले नाहीत. आत गेले आणि गणपतीच्या भंडाऱ्यातून उरलेल्या पत्रावळींचा गठ्ठा घेऊन आले. गॅलरीभर पंगत मांडायला लावली. ही पत्रावळ पुढच्या चाकाची, ही गिअरबॉक्सची, ही हेडची. "आता वाढ," म्हणाले. बादलीतला एकेक बोल्ट काढायचा, पुसायचा, त्यांना दाखवायचा आणि ते सांगतील त्या पानात ठेवायचा. चार रविवार मी वाढपी होतो. शेजारच्या परबकाकू पाण्याची कळशी घेऊन त्या पंगतीतून वाट काढत जायच्या आणि म्हणायच्या, "आबानूं, गोड काय आसा आज?" आबा गंभीरपणे सांगायचे, "वॉशर."

पंगत उठल्यावर एक बोल्ट उरला. तो कुठला, हे आबांनाही सांगता येईना. त्यांनी तो डाव्या हाताच्या बोटांत फिरवून पाहिला आणि विचारलं, "घरी आणखी काय खोललंयस?" दोन दिवसांनी आमचा मिक्सर एका बाजूला बसकण मारायला लागला तेव्हा उलगडा झाला.

आबा गिरणीच्या साचाखात्यात फिटर होते, म्हणजे जिथे सूत कातलं जायचं त्या खात्यात. सूत गुंडाळणाऱ्या शेकडो चात्या एकदम फिरायच्या, आणि त्यातली कुठली आजारी आहे हे चालत्या मशीनवरून ओळखायचं, हे त्यांचं काम. गिरणीची एक लाकडी बॉबिन त्यांनी जपून ठेवली होती. तिचं एक टोक इंजिनाला टेकवायचं आणि दुसरं कानाला. डोळे मिटून ऐकायचे आणि मग निकाल द्यायचे. एकदा मीही बॉबिन मागून घेतली आणि बराच वेळ ऐकून म्हटलं, "टॅपेट वाजतोय, आबा." ते म्हणाले, "गाडी बंद आहे. वरच्या मजल्यावर लसूण ठेचतायत."

गाडी जशी होती तशी परत उभी करायची नाही, तिला नवं रूप द्यायचं, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. इंटरनेटवरचा फोटो छापून नेला होता. खाली झुकलेलं हँडल, एकाच माणसाची सीट, आणि वर बसलेला माणूस टाकीवर पालथा पडल्यासारखा. आबांनी फोटो लांब धरून पाहिला.

"हा गाडी चालवतोय, की खाली पडलेलं काही शोधतोय?"

"असंच असतं ते, आबा. कस्टम."

"बस," म्हणाले, आणि मला स्टुलावर बसवून, सुतळीचं एक टोक माझ्याच हातात देऊन माप घेतलं. खांद्यापासून मनगटापर्यंत, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, आणि मग, मी आत ओढून धरलेलं असतानाही, पोट. "सोड. सिग्नलला कोण धरून ठेवणार?" पोट सोडल्यावर सुतळी वाढवली. त्या मापाने शिवडीच्या एका वेल्डरकडून हँडल वाकवून आणलं. त्यावर बसलो तेव्हा हात आपोआप जिथे जायला हवेत तिथे गेले. सीटचा विषय त्यांनी एका वाक्यात संपवला, "वहिनी चालत येणार काय मागून?" दोघांची सीट आली. शिंप्याने शिवावी तशी त्यांनी ती गाडी माझ्यावर बेतली. फोटोतल्यासारखी मात्र ती कुठूनच दिसत नव्हती.

हे सगळं करताना आबांनी स्वतः एकही पाना धरला नाही. स्टुलावर बसून सांगायचे, मी करायचो. पिस्टनची रिंग मी चढवली, आणि पहिली मोडली. क्लचच्या प्लेटा मी बसवल्या, उलट्या. काढून परत बसवल्या. त्यांनी माझ्या हातून पाना कधी ओढून घेतला नाही. ते फक्त म्हणायचे, "परत." घरी मी मंजिरीला सांगत असे, की जुनी माणसं अशीच शिकवतात, आबांनी मला शिष्य केलंय. ती विचारायची, "त्यांनी तसं म्हटलं?" मी म्हणायचो, अशा गोष्टी बोलून दाखवत नसतात.

दिवाळीच्या आसपास गाडी सुरू झाली. पण थंड असताना बरी चालायची आणि गरम झाली की सिग्नलला अडखळून बंद पडायची. कार्बोरेटरला एक छोटा पितळी स्क्रू असतो. पेट्रोलबरोबर हवा किती जावी हे तो ठरवतो. सगळं दुखणं तिथे होतं. आबांचा नियम असा, की थंड इंजिनावर तो स्क्रू फिरवायचाच नाही. "शिवडीपर्यंत जाऊन ये. गरम झाली की खरं बोलेल." मग मी शिवडीला जायचो, गोदामांपाशी वळून यायचो, आबा ऐकायचे आणि सांगायचे, "पाव आटा बाहेर." पाव आटा म्हणजे स्क्रूचा पाव फेरा. ते सांगायचे पाव आणि माझ्याकडून व्हायचा अर्धा. मग "पाव आत" म्हटलं की पाऊण.

एकदा गाडी शिवडीच्या रस्त्यावर बंद पडली आणि मागून ट्रेलरवाला हॉर्न द्यायला लागला. मी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून स्क्रू फिरवला. ढकलत लालबागला आणली.

"किती फिरवलास?"

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

"ट्रेलर जवळ येईपर्यंत."

आबांनी त्या दिवशी "परत" म्हटलं नाही. खोलीत गेले आणि बाहेर आले नाहीत. मी गॅलरीत उभा राहिलो. परबकाकू कळशी खाली ठेवून माझ्याजवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "तेंका घाई आसा रे. म्हयन्याच्या शेवटाक चाळ खाली करूची आसा. नवी बिल्डिंग येतली. आम्ही भाड्यान जातलों, आबा देवगडाक भावाकडे चललेत. कायमचे."

"मग मी दुसऱ्या कोणाकडून करून घेईन की, काकू. त्यांना कशाला त्रास?"

"तां तुझा रे. तेंचा काय?" त्या म्हणाल्या. "तेंचो हात थरथरता. दोन वर्सां झाली, स्क्रू धरूक जमणा नाय. कोणाक दाखवणत नाय. ह्या शेवटचा इंजिन. तां अजून अडखळता, आणि तसाच टाकून जावचा लागतला म्हणान झोप नाय तेंका."

मी खाली पाहिलं. डाव्या हातातला कप, खिशातला उजवा हात, सगळं सात महिने माझ्यासमोर होतं. त्यांनी भल्याभल्यांना का परत पाठवलं आणि मला का ठेवून घेतलं, हेही कळलं. कोणाही जाणत्या माणसाने तो हात पहिल्याच दिवशी ओळखला असता. माझ्याइतकं बेसावध गिऱ्हाईक त्यांना उभ्या मुंबईत मिळालं नसतं. शिष्य वगैरे काही नाही. मी पक्कड होतो.

घरी जाऊन मी एक चांगली गोष्ट केली, आयुष्यातली असेल दुसरी-तिसरी. दाराच्या कडीचा एक जुना स्क्रू लाकडात बसवला आणि रोज सकाळी तासभर पाव आटा फिरवायची सवय केली. पाव बाहेर, पाव आत. मंजिरी चहा ठेवून जाताना म्हणायची, "दार पडलं तरी चालेल, पण पाव म्हणजे पाव शीक."

शेवटच्या रविवारी चाळीत निम्म्या खोल्यांची दारं उतरवलेली होती. आबांचं सामान गॅलरीत बांधून ठेवलेलं, टेम्पो दुपारी येणार होता. मी घरून शिवडीमार्गे गाडी गरम करून आलो. मला कोणी काही सांगितलंय असं मी त्यांना दाखवलं नाही. मला इतकं बेमालूम नाटक कधी जमत नाही, पण मठ्ठ दिसण्याचा सराव होता.

"पाव बाहेर," आबा म्हणाले.

मी पाव फिरवला. त्यांनी मान वर करून माझ्या हाताकडे पाहिलं.

"त्यातला अर्धा आत."

केला. इंजिनाचे ठोके लांब लांब पडायला लागले. एक अडखळला, दुसरा अडखळला.

"आणखी केसभर आत. केसभर."

स्क्रू हलला की नाही हे मलाही कळलं नाही, पण ठोका हलला. मग एकामागून एक, सारख्या अंतराने, घाई न करता पडत राहिले. आबा स्टुलावरून उठले. त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि टाकीवर ठेवला. हात थरथरत होता, टाकीही थरथरत होती, आणि पाहणाऱ्याला त्यात फरक करता आला नसता. ते तसेच उभे राहिले. परबकाकूंनी आपल्या दारातून पाहिलं आणि कळशी भरायला गेल्या. इंजिन दहा मिनिटं चाललं, एकदाही अडखळलं नाही.

"बंद कर," ते म्हणाले. "पेट्रोल जाळतोस."

टेम्पो आला. पाने त्यांनी जुन्या लुगड्यात बांधून बरोबर नेले. मला काही दिलं नाही. गावात कोणाचा तरी पाण्याचा पंप असेलच, म्हणाले. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर म्हणाले, "टायरात हवा कमी आहे बघ पुढच्या."

जानेवारीत सकाळी हवेत गारवा आला आणि गाडी पुन्हा सिग्नलला अडखळायला लागली. मी आठवडाभर व्हिडिओ पाहून तीन कारणं काढली. मंजिरी म्हणाली, "फोन कर त्यांना." आबांच्या घरात फोन लागत नाही, विहिरीपाशी लागतो. तिथे पाणी भरणाऱ्या भावाच्या सुनेने तो उचलला आणि त्यांना बोलावून आणलं. मी फेरी मारून गरम केलेली गाडी फणसवाडीत चालू ठेवून सांगायला लागलो, "आबा, मला वाटतं पेट्रोलमध्ये हल्ली जे मिसळतात त्यामुळे..."

"बोलू नको. फोन धर गाडीपाशी."

मी फोन धरला. वाडीतले दोघंतिघं जण कडेला थांबले. स्पीकरमधून आधी कावळा ओरडला, मग आबांचा आवाज आला.

"पाव आत."

फिरवला.

"परत बाहेर, अर्धा पाव."

फिरवला. ठोके लांबले, सारखे झाले, तसेच पडत राहिले. पलीकडून काही आवाज येईना. फोन कटला असेल म्हणून मी विचारलं, "आबा? बंद करू?"

"राहू दे जरा."

मी राहू दिली. तिकडे रहाट वाजत होता, इकडे गाडी चालत होती. मंजिरी दारात येऊन उभी राहिली. चार-पाच मिनिटं असंच चाललं.

"हात बरा झालाय तुझा," आबा म्हणाले. "आता फक्त डोकं वापरू नको."